गरोदरपणात व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह १:१६ आलंय, बाळाला काय होईल? आणि हे आलं कधी, कुणाकडून?

अकरावा_आठवडा

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, आयडी नवीन काढलाय कारण जुन्यावर नणंद आहे माझी. वय २७, लग्नाला १४ महिने झाले, पहिलंच बाळ, अकरावा आठवडा चालू आहे. परवा नाव नोंदवायला गेले तेव्हा नेहमीचं रक्त घेतलं, हिमोग्लोबिन शुगर थायरॉईड वगैरे, एचआयव्ही निगेटिव्ह, कावीळ बी निगेटिव्ह, सगळं नीट, फक्त व्हीडीआरएलच्या पुढे रिअ‍ॅक्टिव्ह १:१६ असं आलंय. मला आधी कळलंच नाही हे काय ते. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि एकदम आवाज खाली आणला, म्हणाल्या टीपीएचए म्हणून खात्रीची दुसरी टेस्ट आहे ती करून घ्या, मिस्टरांचंही रक्त द्या आणि चार दिवसांनी दोघं मिळून या. बाहेर तीसेक जणी बसलेल्या, मी काही विचारूच शकले नाही. रिक्षात बसून गुगल केलं, ही सिफिलिस नावाच्या गुप्तरोगाची टेस्ट असते असं दिसलं आणि हातपाय गार पडले.

मला काहीच त्रास नाही हो. जखम नाही, खाज नाही, अंगावरून पांढरं जातं ते नेहमीइतकंच. हां, एक आठवलं, लग्नानंतर साधारण चार महिन्यांनी पोटावर आणि तळहातांवर लालसर डाग आलेले, खाजत नव्हते, मी साबण बदलला, मेडिकलमधून एक ट्यूब आणली आणि दोन तीन आठवड्यांत गेले. त्याचा याच्याशी संबंध आहे का असं आता वाचून वाचून वाटायला लागलंय.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की लग्नाआधी वापीला कंपनीत होता तेव्हा मित्रांबरोबर एक दोनदा गेलेला, पण लग्नानंतर आईशपथ काही नाही. आता मी काय समजू? माझा तर त्याच्याशिवाय आयुष्यात कुणाशी संबंध आलेला नाही. पण रिपोर्ट माझा आधी आलाय ना, उद्या सासूबाईंना कळलं तर बोट माझ्याकडेच येणार हे मला आत्ताच दिसतंय, त्या रोज विचारतायत रिपोर्ट काय आले म्हणून.

बाळाला काय होईल? ठेवता येईल ना? हे बरं होतं का? सार्वजनिक संडासातून होऊ शकतं का, कारण आम्ही लग्नानंतर ट्रेनने बरंच फिरलो होतो. आणि तो खरं बोलतोय की नाही हे रिपोर्टवरून कळतं का? प्लीज कुणाला माहिती असेल तर सांगा, दोन रात्री झोप नाही.

---

रेवती_नाशिक

ताई वाईट वाटून घेऊ नका पण तो खोटं बोलतोय. लग्नाआधीचं असतं तर तेव्हाच कळलं असतं ना, असे आजार लपत नाहीत. आधी माहेरी फोन करा, मग बाकीचं.

---

सातारकर८८

घाबरू नका. माझ्या एका मित्राला असंच काहीतरी झालेलं, डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या आणि आठवड्यात मोकळा झाला. मेडिकलमध्ये मिळतात, दोघांनी घ्या म्हणजे कुणाला कळायलाही नको.

---

माजी_समुपदेशक

ताई, मी सरकारी दवाखान्यात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, १४ वर्षं समुपदेशक होते, त्यातली बरीच वर्षं गरोदर बायकांबरोबरच गेली. सगळं सांगते पण आधी वरच्या दोन उत्तरांबद्दल, कारण त्यातलं एक तुम्ही आजच करून बसाल अशी मला भीती आहे.

अझिथ्रोमायसिन घेऊ नका. अजिबात नको. तुमच्याकडे जे असण्याची शक्यता आहे ते म्हणजे सिफिलिस, आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात ते. गरोदर बाईला त्यावर एकच खात्रीचं औषध आहे, पेनिसिलिन, तेही बेन्झाथिन पेनिसिलिनचं कमरेत द्यायचं इंजेक्शन. अझिथ्रो वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही आणि आता बऱ्याच ठिकाणी हे जंतू त्याला दादही देत नाहीत. म्हणजे आई वरून बरी दिसेल आणि बाळ तसंच राहील. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असली तरी गरोदरपणात दुसरं औषध शोधत नाहीत, हॉस्पिटलमध्ये ठेवून थोड्या थोड्या डोसनी शरीराला सवय लावतात आणि तेच देतात. मित्राचं काय होतं देव जाणे, बहुतेक परमा असेल, म्हणजे लघवीतून पू जातो तो, तो वेगळा जंतू, वेगळा आजार. सगळे गुप्तरोग एकाच गोळीने जातात या समजानेच इतका घोळ होतो की काय सांगू.

आता बाळ. खरं तेच सांगते. उपचारच केले नाहीत तर सिफिलिस असलेल्या निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काही ना काही वाईट होतं, गर्भपात, पोटात बाळ जाणं, दिवस भरायच्या आत होणं, कमी वजन, नाहीतर बाळ आजार घेऊनच जन्माला येणं. हे वाचून घाबराल, पण त्याला लागूनच पुढचं वाचा: वेळेत आणि नीट इंजेक्शन घेतलं तर १०० पैकी साधारण ९८ बाळांना हा आजार होत नाही. आणि तुम्ही अकराव्या आठवड्यात आहात, यापेक्षा चांगली वेळ नाही. मी आठव्या महिन्यात पहिल्यांदा नाव घातलेल्या बायका बघितल्यात, तिथे खरी धावपळ असते, कारण डिलिव्हरीच्या निदान एक महिना आधी औषध गेलेलं असावं लागतं. तुमच्या हातात साडेसहा महिने आहेत. बाळ ठेवता येईल का हा प्रश्नच मनातून काढा.

ते तळहातावरचे डाग मात्र डॉक्टरांना नक्की सांगा, महिन्यासकट. सिफिलिसची पहिली खूण म्हणजे एक न दुखणारी जखम किंवा फोड, संबंधानंतर १० ते ९० दिवसांत येतो, बहुतेकदा तीनेक आठवड्यांनी, आणि काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. बाईला तो आत असला तर दिसतच नाही. मग काही आठवड्यांनी दुसरी पायरी, अंगावर डाग, आणि तळहात तळपायावर येणारे, न खाजणारे डाग ही त्याची अगदी खास ओळख. तेही आपोआप जातात. आणि मग शांतता, वर्षानुवर्षं बाहेरून काहीही नाही, आत जंतू आहेतच. त्यामुळे रेवतीताई, "असे आजार लपत नाहीत" हे तुम्ही म्हणालात ते नेमकं उलटं आहे. हा लपतोच. जगभरात लैंगिक संबंधातून होणारे जे बरे होण्यासारखे आजार आहेत, त्यांची दररोज १० लाखांहून जास्त नवीन लागण होते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच लक्षण नसतं.

आता नवरा खरं बोलतोय का. ताई, त्या कागदावर १:१६ आहे, तारीख नाही. लागण कधी झाली आणि कुणाकडून झाली हे कुठलीच रक्ततपासणी सांगत नाही. तुम्ही सांगितलेल्या डागांवरून अंदाज केला तर तुम्हाला हे लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मिळालं असावं, आणि त्याला लग्नाआधी काही महिने झालं असेल तर ते बसतं. पुरावा नाही म्हणत मी, बसतं एवढंच म्हणते. मी या प्रश्नावर घरं मोडताना बघितलीत आणि एक बाई तर याच भांडणात माहेरी गेली ती इंजेक्शन न घेता गेली, पाच महिन्यांनी परत आली तेव्हा पोट रिकामं होतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असायचं, आधी इंजेक्शन, मग भांडण. भांडणाला आयुष्य पडलंय, याला आठवडे मोजलेले आहेत.

संडासातून होत नाही. हा जंतू बाहेर काही टिकत नाही, त्याला ओली त्वचा आणि प्रत्यक्ष संबंध लागतो. ट्रेन, टॉवेल, ताट, पोहण्याचा तलाव सगळं सोडून द्या.

मिस्टरांना घेऊन जा, एकट्या जाऊ नका. त्यांचे उपचार झाले नाहीत तर तुमचं इंजेक्शन झाल्यावर परत त्यांच्याकडून लागण होऊ शकते, एकदा बरं झालं म्हणजे पुन्हा होत नाही असं यात नाही. दोघांचेही उपचार होईपर्यंत आणि त्यानंतर निदान आठवडाभर संबंध नको, मग पुढेही गरोदरपणात निरोध वापरा. खाजगीत संकोच वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, सगळं मोफत आहे. आणि १०९७ ही सरकारी हेल्पलाईन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

---

लॅबमधला

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माजी_समुपदेशक यांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त त्या १:१६ चं सांगतो कारण लोक तो आकडा बघून उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात.

व्हीडीआरएल किंवा तिच्यासारखीच आरपीआर ही टेस्ट जंतू बघत नाही. जंतूमुळे शरीरात जी उलथापालथ होते त्यातून तयार झालेली अँटिबॉडी बघते. आरपीआरचं कार्ड असतं, त्यावर गोल खण असतात, त्यात सीरमचा थेंब आणि कोळशाचे बारीक कण असलेलं द्रव टाकायचं आणि मशीनवर ८ मिनिटं फिरवायचं. निगेटिव्ह असेल तर एकसारखा राखाडी, पॉझिटिव्ह असेल तर काळे काळे गुठळे दिसतात, रव्यासारखे. मग तेच सीरम निम्मं पातळ करतो, परत निम्मं, परत निम्मं, १:२, १:४, १:८, १:१६, आणि ज्या पातळीपर्यंत गुठळे दिसले तो तुमचा आकडा.

आता मुद्दा असा की ही अँटिबॉडी दुसऱ्या कारणानेही येऊ शकते, मलेरिया, टीबी, कुष्ठरोग, काही व्हायरल ताप, ल्युपससारखे आजार, कधी कधी नुसत्या गरोदरपणानेही. पण असा खोटा पॉझिटिव्ह बहुतेक वेळा १:८ किंवा त्याच्या खालीच राहतो. १:१६ म्हणजे मी स्वतः ते हलक्यात घेणार नाही. म्हणून टीपीएचए, ती थेट या जंतूविरुद्धची अँटिबॉडी बघते. ती निगेटिव्ह आली तर बहुधा खोटा अलार्म होता, पॉझिटिव्ह आली तर आजार आहे किंवा कधीतरी होऊन गेला. आणि हे आत्ताच लक्षात ठेवा, टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की बरं झाल्यावरही बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. पुढच्या बाळंतपणात कुणी नवीन डॉक्टर ती बघून दचकले तर आत्ताचे कागद दाखवता आले पाहिजेत, म्हणून सगळे रिपोर्ट आणि इंजेक्शनच्या तारखा लिहिलेला कागद जपून ठेवा. बरं झालं की नाही हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून कळतं, चौपट खाली यायला पाहिजे, म्हणजे तुमचा १:१६ चा १:४. फक्त एका पायरीने खाली आला, १:८ झाला, तर तो फरक धरत नाहीत, टेस्टमध्ये तेवढं वरखाली होतंच. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. एकदा व्हीडीआरएल आणि पुढच्या वेळी आरपीआर असं केलं तर आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

---

अकरावा_आठवडा

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. माजी_समुपदेशक ताई तुमचं उत्तर मी पाच वेळा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं.

आज रिपोर्ट आले. माझं टीपीएचए पॉझिटिव्ह. त्याचं व्हीडीआरएल १:४ आणि टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही त्याचंही निगेटिव्ह. तुमचं उत्तर वाचता वाचता तो त्या "न दुखणारी जखम" वर थांबला आणि मग स्वतःहून सांगितलं, साखरपुड्याच्या आधी त्याला तिथे एक फोड आलेला, वाटाण्याएवढा, कडक, पण दुखत नव्हता. रूमवरचे मित्र म्हणाले मेसचं तिखट खाऊन उष्णता झालीय. त्याने पंधरा दिवस सब्जाचं पाणी पिलं, गुलकंद खाल्ला आणि फोड गेला. म्हणजे त्याला खरंच वाटलं की सब्जाने गेला. हे सांगताना तो रडला. मला राग येतोय आणि दयाही येतेय, काही कळत नाहीये. त्याचं १:४ आणि माझं १:१६, म्हणजे माझं जास्त आहे, म्हणजे मी त्याला दिलं असं नाही ना होत? सासूबाई अशाच काहीतरी हिशोबाने बोलतील.

---

लॅबमधला

नाही, नाही. असा हिशोब होतच नाही. जुना झालेला आजार असेल तर उपचार न करताही आकडा हळूहळू खाली येतो, फार जुन्या केसमध्ये तर निगेटिव्हही येतो. उलट त्यांचा कमी आणि तुमचा जास्त म्हणजे त्यांचं जुनं असण्याची शक्यता जास्त. पण यावरूनही कुणाला दोषी ठरवू नका, आकडा त्यासाठी नसतो.

---

आता_बोलतो

मी पुरुष आहे, ४१, आणि मला हे ११ वर्षांपूर्वी झालेलं म्हणून लिहितोय. एरवी मी इथे फक्त वाचतो.

मला पण उष्णताच वाटलेली. आमच्याकडे कमरेखाली काहीही झालं की उष्णता. लघवीला जळजळ, उष्णता. फोड, उष्णता. आजी म्हणायची धने जिरे भिजवून पी, आणि खरं सांगू का, फोड जातोच ना आपोआप, मग धने जिऱ्याला श्रेय मिळतं आणि माणूस निवांत होतो. या आजाराला नावच गरमी पडलंय, त्यामुळे थंड काहीतरी पिलं की झालं असं डोक्यात बसतं. जुन्या वैद्यकग्रंथांत याला फिरंग रोग म्हटलंय, १६व्या शतकातली गोष्ट, फिरंग्यांकडून म्हणजे पोर्तुगीजांकडून आला म्हणून. मला हे कळलं तेव्हा वाटलं, म्हणजे तेव्हापासून माणूस हेच करतोय, हा आजार आपला नाही, त्यांचा, त्या बाईचा, दुसऱ्या गावाचा. मी पण तेच केलं. माझ्या बायकोची टेस्ट आधी पॉझिटिव्ह आली आणि मी चार दिवस तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं, माझा फोड मला माहीत असताना. त्या चार दिवसांची लाज मला आजही वाटते. तुमच्या मिस्टरांनी पहिल्याच रात्री वापीचं सांगितलं आणि मग फोडाचंही सांगितलं, मी तेवढंही केलं नव्हतं.

त्यांना माझ्याकडून सांगा, सासूबाईंशी तुम्ही बोलायचं नाही, त्यांनी बोलायचं. "आई, रक्तात एक इन्फेक्शन निघालंय, माझ्याकडून गेलंय, दोघांनाही इंजेक्शनं चालू आहेत, बाळ ठीक आहे", बस, एवढं वाक्य. आजाराचं नावही घ्यायची गरज नाही. पण "माझ्याकडून" हा शब्द मात्र त्यांच्याच तोंडून आला पाहिजे. मी माझ्या आईला ते सांगायला दीड वर्ष लावलं आणि तोपर्यंत बायकोने ऐकलं ते ऐकलंच.

आणि इंजेक्शन दुखतं. खोटं सांगत नाही, चांगलंच दुखतं. पण होतं सहन.

---

निमा_कोल्हापूर

इंजेक्शनबद्दल थोडं सांगू का. माझ्या भावाला लहानपणी सांधे सुजून ताप आलेला आणि हृदयाची झडप खराब झाली, तेव्हापासून त्याला दर २१ दिवसांनी हेच बेन्झाथिन पेनिसिलिन चालू आहे, कितीतरी वर्षं. म्हणजे हे काही फक्त "तसल्या" आजाराचं औषध नाही हे आधी मनातून काढा, केमिस्टकडे मागायला लाजू नका, शाळेतल्या पोरांनाही देतात. पेनिड्युअर या नावाने मिळायचं आमच्याकडे, १२ लाख युनिटची बाटली. २४ लाखाचा डोस असेल तर दोन बाटल्या, एक एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. पांढरी पावडर असते, पाणी घातलं की घट्ट दुधासारखं होतं आणि पटकन दिलं नाही तर सुईत अडकतं. आमच्या सिस्टर बाटली आधी तळहातात धरून थोडी कोमट करायच्या आणि अगदी हळू द्यायच्या, पाय सैल सोड म्हणायच्या. आधी टेस्ट डोस द्यायला सांगा आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा, लगेच गाडीवर बसून निघू नका. नंतर जरा चाललं की गाठ कमी होते. एकाच वेळी सगळीकडे मिळत नाही हेही खरं, एक दोन दुकानं फिरावी लागतात, म्हणून पुढच्या आठवड्याचं आधीच आणून ठेवा.

---

माजी_समुपदेशक

आता_बोलतो, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पुरुष बोलत नाहीत यावर.

ताई, दोष तुमच्यावर येईल ही तुमची भीती खोटी नाही म्हणून थोडं सांगते. टेस्ट आधी बाईचीच होते कारण बाई गरोदर राहते आणि नाव घालायला जाते. पुरुषाला तसं कुणी बोलावतच नाही. म्हणून आधी सापडतं ते बाईत आणि लोक समजतात सुरुवात तिथून झाली. आमच्या ट्रेनिंगमध्ये पुण्याचा एक अभ्यास सांगायचे, १९९७ साली प्रसिद्ध झालेला. गुप्तरोग क्लिनिकमध्ये आलेल्या बायका त्यात होत्या, आणि ज्या देहविक्री करत नव्हत्या, साध्या घरच्या बायका, त्यांच्यातही १३.६ टक्क्यांना एचआयव्ही निघाला. त्यातल्या बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नव्हता. लग्न झालंय म्हणजे धोका नाही हे आपण पोरींना शिकवतो आणि तपासणी मात्र लग्नानंतर, पोटात बाळ आल्यावर करतो.

दुसरं म्हणजे एचआयव्ही दोघांचंही निगेटिव्ह आहे ते फार छान, पण तीन महिन्यांनी एकदा परत करून घ्या. लागण होते आणि टेस्टमध्ये दिसते यात काही आठवडे जातात म्हणून. तुमच्याच बाबतीत नाही, ज्याला ज्याला एक गुप्तरोग निघाला त्याला आम्ही हे सांगतो, कारण वाट एकच असते आणि सिफिलिसची जखम असली की एचआयव्हीला आत शिरायला सोपं जातं.

आणि तीन इंजेक्शनं सांगितली असतील तर आठवडा म्हणजे आठवडा. लागण कधीची हे नक्की नसेल तर तीन देतात, सात सात दिवसांनी. गरोदर बाईचं मधलं एखादं चुकून जास्त अंतर पडलं तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. सणवार, लग्नकार्य, गावची जत्रा काही आडवं येऊ देऊ नका.

---

अकरावा_आठवडा

काल पहिलं झालं, दोघांचंही. डॉक्टरांनी दोघांनाही तीनच सांगितली, म्हणाल्या तारखांवर अवलंबून राहायला नको. आज बाराव्या आठवड्यात आहे मी, आयडी बदलता येत नाही.

खरंच दुखतं. दोन्ही बाजूंना झाल्यावर मला जिना उतरता येईना, कठडा धरून एक एक पायरी, आणि तो माझ्या पुढे तसाच कठडा धरून. खाली आल्यावर आम्ही दोघं बाकावर बसूच शकत नव्हतो म्हणून उभे राहिलो आणि खूप दिवसांनी एकमेकांकडे बघून जरा हसलो.

पण रात्री मला १०१ ताप आला, थंडी वाजली, अंग ठणकायला लागलं, मी घाबरून मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या जंतू मरताना असं होतं, अ‍ॅलर्जी नाही, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, पोटात कळा आल्या किंवा अंगावरून लाल गेलं तर मात्र लगेच या. सकाळी उतरला. त्यांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतेय, पुढे कुणी वाचेल तर.

बाळ झाल्यावर त्याचंही रक्त घेणार असं म्हणाल्या. ते पॉझिटिव्ह आलं तर? आणि दूध पाजता येईल ना?

---

माजी_समुपदेशक

तो ताप नेहमीचा, पहिल्या २४ तासांत येतो आणि जातो, आणि तुमच्या मॅडमनी कळांचं जे सांगितलं ते एकदम बरोबर.

बाळाचं रक्त पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि तेव्हा रडत बसू नका, म्हणून आत्ताच समजून घ्या. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात जातातच. त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे आजार असं नाही. त्याच दिवशी तुमचं आणि बाळाचं दोघांचं व्हीडीआरएल करतात आणि शेजारी शेजारी ठेवून बघतात, बाळाचा आकडा तुमच्यापेक्षा चौपट असेल तर बाळाचा स्वतःचा आजार समजतात. तुमचा १:४ आणि बाळाचा १:४ किंवा १:२, तर ते तुमचंच उसनं आहे, साधारण सहा महिन्यांत जातं. बाळाची टीपीएचए त्याहून जास्त दिवस पॉझिटिव्ह राहू शकते, वर्ष दीड वर्ष, तिच्यामागे लागू नका. बाळाला नीट तपासतील, कधी कधी खबरदारी म्हणून त्यालाही एक पेनिसिलिन देतात. विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीला मात्र जो डॉक्टर करेल त्याला हे आवर्जून सांगा, तो बाळाचं लिव्हर, वार आणि पाणी जरा निरखून बघेल. लाजून लपवलंत तर तो बघणार काय?

दूध पाजा, खुशाल पाजा. स्तनावर जखम असेल तरच त्या बाजूचं थांबवायचं. डिलिव्हरी नॉर्मल व्हायलाही याने काही अडत नाही.

---

रेवती_नाशिक

मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं, सॉरी ताई. माझ्या बहिणीच्या बाबतीत वेगळं झालेलं आणि तेच मनात होतं. तुमचं आणि बाळाचं सगळं छान होऊ दे. मी पण परवा माझी टेस्ट करून आले, कधी केलीच नव्हती.

---

अकरावा_आठवडा

रेवतीताई काही नाही हो, त्या रात्री मलाही तेच वाटलेलं.

दुसरं इंजेक्शन झालं, यावेळी ताप नाही. रविवारी त्याने सासूबाईंना सांगितलं, मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि ऐकत होते. "माझ्याकडून" म्हणाला. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग आत आल्या आणि म्हणाल्या पुढचं इंजेक्शन कधी आहे, मी येते बरोबर, तुला जिना उतरायला जमत नाही म्हणतोय हा. तिसरं येत्या मंगळवारी आहे. बाटल्या आणून ठेवल्यात. व्हीडीआरएल दोन महिन्यांनी परत आहे, त्याच लॅबमध्ये, आकडा आला की इथे लिहीन.